नागपूरच्या धंतोलीतलं एक हॉस्पिटल : ऑपरेशनला पाच, नजरेला अडीच

या हॉस्पिटलच्या लिफ्टशेजारी एक मोठा बोर्ड लावला आहे. हसऱ्या नर्सचा फोटो, खाली ओळ : 'आमचे सर्व कर्मचारी रुग्णस्नेही देहबोलीचे प्रशिक्षण घेतलेले आहेत.' त्याच्याही खाली, आणखी ठळक अक्षरांत : 'संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना होतो.' हॉस्पिटलचा रिव्ह्यू म्हटला की लोक बिल, संडासाची स्वच्छता, डॉक्टरांचा हातगुण आणि कँटीन यावर लिहितात. मीही लिहीन, शेवटी चार ओळी. पण ज्या गोष्टीचा बोर्ड हॉस्पिटलने स्वतःहून लावलाय, तिचा हिशेब आधी.

माझी सगळी नोकरी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेली. आधी स्टाफ नर्स, मग वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. सर्जरी, ऑर्थो, कॅज्युअल्टी. त्यामुळे नर्स पलंगाजवळ आली की आधी कुठं बघते, हे माझ्या डोळ्यांना आपोआप दिसतं, रिटायर होऊनही सुटत नाही. हॉस्पिटलचं नाव मात्र लिहीत नाही. पुतण्याचा मेडिक्लेम अजून अडकलेला आहे.

पेशंट म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. काटोलच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, कानाने कमी ऐकू येणाऱ्या आणि दुखण्याचं नाव न काढणाऱ्या. ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या रणरणत्या उन्हात, ओट्यावरून उतरताना पडल्या. पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला तर बाई म्हणतात, "काई नाई झालं वो, मुरगयला जरासाक." मी पुतण्याला म्हटलं, मोबाईल पायांकडे फिरव. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पंजा बाहेरच्या बाजूला लोळलेला. खुब्याचं हाड मोडून सरकलं की पाय असाच पडतो. एक्स-रेने नंतर तेच सांगितलं. खुब्याच्या सांध्यातला बॉल बदलावा लागेल, असं ठरलं.

ॲम्ब्युलन्समधून उतरवलं तेव्हा दुपारचं ऊन. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने हातातलं एंट्रीचं रजिस्टर उघडून बाईंच्या तोंडावर सावली धरली आणि स्ट्रेचरसोबत आडवा चालत दारापर्यंत आला. बाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला कुणी प्रशिक्षण दिलेलं नसणार. आत रिसेप्शनला मुलीने दोन्ही हात जोडून "नमस्कार, स्वागत आहे" म्हटलं, तेव्हा तिचे डोळे मॉनिटरवर होते. मग स्ट्रेचरच्या वरून पुतण्याला प्रश्न : पेशंटला शुगर आहे का? बीपी? ॲलर्जी? पेशंट मध्ये पडलेली, शुद्धीवर, आणि स्वतःच्या गोळ्यांचे रंग पाठ असलेली. तिला कुणी विचारलं नाही. आपल्याकडे हे इतकं चालतं की पुतण्यालाही खटकलं नाही. मी त्याच्या दंडाला धरून त्याला एक पाऊल मागे घेतलं, तेव्हा कुठं त्या मुलीची नजर खाली आली.

वॉर्ड चकचकीत आणि थंडगार. एसी इतका की पंचेचाळीस डिग्रीतून आलेली म्हातारी बाई पदर कानांवरून ओढून, हनुवटी छातीला लावून पडली होती. दोन वेळा राउंड झाला. कुणीही "थंडी वाजते का?" विचारलं नाही. ब्लँकेट मागितल्यावर मिळालं, तत्परतेने मिळालं, त्यात खोट नाही. पण मागावं लागलं.

सर्जनबद्दल आधी चांगलं लिहिते, कारण ऑपरेशन अव्वल झालं. जखम स्वच्छ, दुसऱ्या दिवशी उभं केलं, पायांची लांबी सारखी. त्या माणसाचा हात सोन्याचा आहे. पण ऑपरेशनच्या आधी समजावून सांगायला आले ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, एक हात दाराच्या मुठीवर. जे सांगितलं ते नीट सांगितलं : धोके काय, स्पायनल भूल का, किती दिवसांत चालतील. सगळं बरोबर. पण बाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या, दाराच्या मुठीवरच्या हाताकडे बघत होत्या. शेवटी "काही विचारायचं आहे का आजी?" म्हणताना डॉक्टरांनी मूठ फिरवलीसुद्धा. बाई म्हणाल्या, "नाई जी."

डॉक्टरला वेळ नसतो हे मला कुणी सांगायला नको, मी अशा राउंडमागे फाइल घेऊन पळालेली आहे. पण बसायला वेळ जास्त लागत नाही. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये हे मोजून पाहिलं आणि २०१२ मध्ये छापलं : डॉक्टर रुग्णाजवळ बसून बोलले काय नि उभ्याने बोलले काय, प्रत्यक्ष वेळ जवळपास तेवढाच लागला, पण बसलेले डॉक्टर खूप जास्त वेळ थांबले, असं रुग्णांना वाटलं. आणि फ्लोरेन्स नाइटिंगेलने तर १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की आजाऱ्याशी बोलताना त्याला मान वळवावी लागणार नाही असं, त्याच्या नजरेसमोर बसा. आम्हाला ट्रेनिंगला हे तोंडपाठ असायचं. १२ मेला दिवा हातात घेऊन शपथ घेतात, त्यापेक्षा हे वाक्य भिंतीवर लावा.

याच सर्जनने ऑपरेशननंतर मात्र बाईंच्या पायाचा अंगठा हातात धरला, स्वतःच्या हाताचा अंगठा वर-खाली करून दाखवला आणि भुवया उंचावल्या. बाईंनी लगेच अंगठा हलवला. एक शब्द लागला नाही. म्हणजे येतं त्यांना, हाडाशी बोलताना येतं.

मेडिसिनचे डॉक्टर वेगळ्या पठडीतले. बाईंना ऐकू कमी येतं असं सांगितल्याबरोबर त्यांनी आवाज चढवला. "आजीऽऽ! जेवलात काऽऽ!" ओरडताना माणसाचं तोंड वाकडं होतं, कपाळावर आठ्या येतात. ओठ बघून समजून घेणाऱ्या माणसाला त्याने कमीच कळतं, शिवाय समोरचा रागावलाय असंच वाटतं. बाईंनी मला नंतर विचारलं, "थ्या डॉक्टरचं मी काय बिघडवलं वो?" आवाजाच्या पट्टीवरून आठवलं : २००२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. सर्जन रुग्णांशी बोलतानाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे, शब्द कळू नयेत असे गाळून लोकांना ऐकवले. ज्यांच्या नुसत्या सुरात दरारा जाणवला, त्या सर्जनांवर पूर्वी खटले झालेले असण्याची शक्यता जास्त निघाली. शब्द एकही कळत नव्हता, तरी.

बरं, बाईंचं कानातलं यंत्र कुठं होतं? ऑपरेशन थिएटरला नेताना काढून घेतलं, दागिन्यांच्या पाकिटात घालून पुतण्याच्या सहीने त्याच्या ताब्यात दिलं. त्याने ते जपून घरी नेलं. फाइलमध्ये 'दागिने परत' अशी नोंद. चष्माही त्याच पाकिटात. आता मास्क लावलेली माणसं, ओठ दिसत नाहीत, यंत्र नाही, चष्मा नाही, आणि वर तक्रार की आजी को-ऑपरेट करत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. दुखण्याची.

ऑपरेशननंतर नर्स येतात नि विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? पद्धत चांगली आहे, आमच्या काळी एवढं नियमाने विचारत नसत. एक कोवळी मुलगी होती, गोंदियाकडची असावी, कामाला चपळ. तिने मास्कमधून विचारलं, "आजी, शून्य ते दहा, किती?" बाईंना 'दहा'च्या आसपास काहीतरी ऐकू आलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हाव." आमच्या पिढीच्या बायका आपल्यासाठी कुणी काही करायला आलं की हसतातच. ते हसू स्वागताचं असतं, आनंदाचं नव्हे. मुलीने फाइलीला अडकवलेला सहा चेहऱ्यांचा तक्ता पाहिला, बाईंचा चेहरा पाहिला, हसऱ्याच्या शेजारचा चेहरा जुळवला आणि दोन लिहिले.

चादरीच्या बाहेर चेहरा हसत होता. चादरीच्या काठाशी डाव्या हाताने पलंगाचा कठडा असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. श्वास अर्धा घेऊन मध्येच थांबत होता. चांगल्या पायाची बोटं आत वळलेली. भुवयांच्या मध्ये उभी आठी, हसतानाही न गेलेली. मी त्या मुलीला म्हटलं, "बाळा, चादर जरा वर कर आणि पाय बघ."

तो सहा चेहऱ्यांचा तक्ता कुठून आला हे तिला माहीत नव्हतं, तिचा दोष नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी लहान मुलांसाठी तो तयार केला. डोना वाँग स्वतः नर्स. त्याचा नियम एकच : तक्ता पेशंटच्या समोर धरायचा आणि बोट पेशंटने ठेवायचं. नर्सने पेशंटच्या चेहऱ्याशी चित्र जुळवायचं नाही. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी वेगळे तक्ते आहेत. बाळांसाठी १९९७ पासूनचा 'फ्लॅक', त्यात चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतं का, अशा पाच गोष्टींना शून्य, एक किंवा दोन गुण. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी २००३ मधला 'पेनॅड', त्यात श्वासालाही गुण आहेत. या हॉस्पिटलच्या फाइलीत दोन्ही नाहीत. सगळ्यांना तेच सहा चेहरे.

मी पर्समधला माझा चष्मा बाईंच्या नाकावर चढवला, तक्ता त्यांच्याकडे फिरवला आणि खुब्याला हात लावून भुवयांनी विचारलं. बाईंनी तक्ता जवळ घेतला, एकेक चेहरा निरखला आणि पाचव्यावर बोट ठेवलं. "थो. रडका नाई, त्याच्या अलीकडचा." पाचवा म्हणजे आठ. दोन आणि आठ. इंजेक्शन मिळालं, आणि अर्ध्या तासाने पायाची बोटं सरळ झाली. त्या मुलीने पुढच्या वेळी तक्ता स्वतःहून फिरवून धरला, हेही लिहिते. शिकणारी आहे.

म्हणून त्या बोर्डावरच्या ९३ टक्क्यांचा मला राग येतो. हा आकडा प्रत्येक ट्रेनर स्लाइडवर टाकतो. तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आला आहे. त्यात एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरांत, वेगवेगळ्या चेहऱ्यांसोबत लोकांपुढे ठेवले आणि बोलणाऱ्याला आवडतंय की नावडतंय एवढंच ओळखायला सांगितलं. शब्द ७ टक्के, सूर ३८, चेहरा ५५; शेवटचे दोन मिळून ९३. आवड-नावड यापलीकडे तो आकडा लावू नका, हे मेहराबियन यांनीच सांगितलेलं आहे. माणसाने 'मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' म्हटलं तर त्यातलं ९३ टक्के काय त्याच्या भुवयांत असतं? आणि या आकड्याचा खरा तोटा असा की चेहरा पाहिला म्हणजे सगळं कळलं, असा माज येतो. त्या मुलीने चेहरा पाहिलाच होता की! प्रशिक्षणात सांगितलं तसंच केलं तिने.

शरीर खरं बोलतं, पण त्याचं व्याकरण शिकावं लागतं. कॅज्युअल्टीत उन्हाळ्यात मूतखड्याचे पेशंट रांगेने यायचे. ते पलंगावर लोळतात, उठतात, भिंतीला डोकं लावतात, कुठल्याच कुशीवर चैन नाही. त्यांच्याकडे सगळे धावतात. आणि कोपऱ्यात एखादा गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडलेला असतो, हलत नाही, बोलत नाही, श्वासही वरवर घेतो. त्याचं आतडं फुटलेलं असू शकतं. पोटाचं आवरण सुजलं की जरासा धक्काही सोसवत नाही, म्हणून माणूस हलत नाही. नव्या सिस्टरला मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवायची : गोंधळ करणाऱ्याला बघच, पण आधी गप्प पडलेल्याला हात लावून ये. छातीवर मूठ आवळून धरलेला माणूस दिसला की केसपेपर नंतर, ईसीजी आधी. त्या मुठीला डॉक्टर लोक लेव्हाइन साइन म्हणतात.

आणि उलटही असतं. आपल्या विदर्भातली सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराची पोरं घ्या. कळा आल्या की हाडं आतून पिळून निघतात, आणि पोरगं मोबाईलवर काहीतरी बघत बसलेलं दिसतं. लहानपणापासून दुखणं सोबत वाढलेलं, रडून काही होत नाही हे कळलेलं. लक्ष दुसरीकडे गुंतवणं हाच त्याचा उपाय. नवा डॉक्टर म्हणतो, एवढं दुखत असतं तर मोबाईल बघितला असता का? इंजेक्शनसाठी नाटक करतोय. पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा तर स्नायू आखडल्याने कोराच राहतो. आतून हसला तरी बाहेर दिसत नाही. अशा वेळी चेहरा वाचणारे हमखास फसतात. शरीराकडे बघून प्रश्न सुचायला हवा, उत्तर पेशंटकडूनच घ्यायचं. त्याला बोलता येत नसेल तर बोटाने, भाषा येत नसेल तर खुणेने. भामरागडकडचे माडिया बोलणारे पेशंट वॉर्डात यायचे, माझं मराठी त्यांना नाही, त्यांचं बोलणं मला नाही. तरी कुठं दुखतं, लघवी झाली का, भूक आहे का, एवढं हातवाऱ्यांवर निभायचं. फक्त एक खबरदारी : खूण केली की पेशंटकडून ती उलट करून घ्यायची. मान डोलली म्हणजे समजलं, असं नाही. आपली मान तर कशालाही डोलते.

रात्रीचा किस्सा सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही.

ऑपरेशननंतरची एक रात्र. दुपारी लघवीची नळी काढलेली. संध्याकाळपासून बाई शांत. ड्यूटीवरच्या सिस्टर खूश होत्या, "आज आजी छान झोपल्यात." फाइलीत 'कम्फर्टेबल'. मी खालच्या मेडिकल स्टोअरमधून औषधं घेऊन वर आले तर वॉर्डातल्या मावशी बादली बाजूला ठेवून पलंगाशी उभ्या. त्या बाईंच्या हाताकडे बघत होत्या. बाईंची बोटं चादरीवरून काहीतरी टिपत होती, तुरीच्या डाळीतले खडे वेचावेत तशी, एकेक करून, आणि वेचलेलं पलीकडे टाकत होती. चादर स्वच्छ होती.

मावशी मला म्हणाल्या, "ताई, ह्या आजी रोज मले पाह्यलं की हात उचलते. आज नाई उचलला. आन् संध्याकाळपासून भांडं नाई मागतलं."

मी बाईंच्या गालाला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घर कोनाचं हाये हे?"

मावशींनी तोवर चादरीवरूनच ओटीपोटावर तळहात ठेवला होता. तट्ट फुगलेलं. सिस्टरना बोलावलं. सिस्टरनी एका क्षणात ओळखलं आणि आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला, याचं श्रेय त्यांना. आरएमओ आयुर्वेदाचे होते. आल्याबरोबर त्यांनी मॉनिटरकडे न बघता आधी बाईंचं मनगट धरलं आणि दुसरा हात खांद्यावर ठेवला. नाडी बघायच्या सवयीचा हा फायदा असावा. बाईंचा खांदा खाली आला. नळी घातली, पिशवी भराभर भरत गेली. पहाटेपर्यंत चादरीवरचा हात थांबला. पुतण्याला फोन करून कानाचं यंत्र नि चष्मा मागवला. सकाळी चहा घेताना बाई मला म्हणाल्या, "तू झोपली नाई वाट्टे." माणूस परत आला.

असं अचानक भान हरपण्याला डेलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांत, त्यातही खुब्याच्या ऑपरेशननंतर, नेहमी दिसणारी गोष्ट. दुखणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, झोपमोड, काही औषधं, काढून घेतलेला चष्मा नि कानाचं यंत्र, काहीही निमित्त पुरतं. यात एक प्रकार आरडाओरडा करणाऱ्यांचा, नळ्या उपटणाऱ्यांचा. तो सगळ्यांना दिसतो, त्याला बांधून ठेवायलाही लोक कमी करत नाहीत. दुसरा प्रकार गप्प होणाऱ्यांचा. तो निसटतो, कारण गप्प पेशंटचा वॉर्डाला त्रास नसतो. चादर टिपणाऱ्या हाताचं लक्षण तर हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांतसुद्धा आहे. मावशींनी ते ग्रंथ वाचलेले नाहीत. त्यांनी काल आणि आज यातला फरक बघितला, बस.

दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली. देहबोलीचं प्रशिक्षण रिसेप्शन, बिलिंग आणि नर्सिंग स्टाफला झालं. मावश्या आणि मामा लोक ठेकेदाराकडचे, त्यांना नाही. दिवसभरात पेशंटच्या अंगाला सर्वांत जास्त हात कुणाचा लागतो? भांडं देणाऱ्याचा, पुसणाऱ्याचा, कूस बदलणाऱ्याचा. त्यांनी पाहिलेलं सिस्टरपर्यंत पोचेल अशी काही सोयच नाही; त्या रात्री मी तिथं होते म्हणून त्या माझ्याशी बोलल्या.

फिजिओथेरपीला मात्र माझ्याकडून पैकीच्या पैकी. एक पोरगी यायची, विशीतली. आल्याबरोबर मास्क खाली, पलंगाच्या उंचीवर यायला गुडघ्यांवर बसायची, बाईंच्या चांगल्या कानाच्या बाजूला. वॉकर आधी स्वतः घेऊन चालून दाखवायची : आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पहिल्या दिवशी बाई उभ्या राहायला तयारच नव्हत्या. सगळे म्हणाले दुखतंय, घाबरल्यात. या पोरीने बाईंची नजर कुठं जाते ते पाहिलं. नजर पायाकडे जात नव्हती, दाराकडे जात होती. आणि एक हात सारखा पाठीमागे. हॉस्पिटलचा गाऊन मागून उघडा असतो, नुसत्या दोन नाड्या. दारात पुतण्या नि शेजारच्या पलंगाचे पाहुणे उभे. पोरीने काही न बोलता एक चादर घेतली, बाईंच्या कमरेभोवती लुगड्यासारखी गुंडाळून गाठ मारली, आणि पडदा ओढला. बाई उठल्या. दुखत होतं, ओठ दाबले होते, पण उठल्या आणि चार पावलं चालल्या.

अलीकडचे डॉक्टर तरी हे शिकून येतील अशी आशा आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वागणूक आणि संवादाचा 'एटकॉम' नावाचा भाग घातलाय. फिजिओच्या त्या पोरीला त्यांच्या वर्गावर पाठवा.

बाकीचं थोडक्यात. बिल आधी दिलेल्या अंदाजाच्या आसपास आलं, लपवाछपवी नाही. डिस्चार्जच्या दिवशी मेडिक्लेमच्या टेबलावर जो वेळ जातो त्याची तयारी ठेवा, डबा न्या. कँटीनचे पोहे फिके, तर्री मागू नका, ती तर्री नव्हेच. संडास स्वच्छ, पण कमोडजवळ धरायला दांडी एकाच बाजूला. खुब्याच्या पेशंटांच्या वॉर्डात हे चालत नाही. गाडी अजिबात आणू नका, धंतोलीत लावायला जागा मिळणार नाही आणि मिळालीच तर टोइंगवाले ठेवणार नाहीत. मेट्रोने काँग्रेस नगरला उतरा आणि ऑटो करा.

तुमच्या घरचं कुणी भरती होणार असेल तर एवढं करा : चष्मा आणि कानाचं यंत्र घरी नेऊ नका, ऑपरेशननंतर लगेच परत लावायला सांगा आणि फाइलीवर लिहून घ्या. आणि 'आमचे बाबा नेहमी असे नसतात' हे वाक्य बिनधास्त बोला. तुम्हाला काल कसे होते ते माहीत आहे, ड्यूटी बदललेल्या सिस्टरला नाही.

गुण : ऑपरेशन ५, स्वच्छता ४, फिजिओ ५, बोर्डावर लिहिलेल्या देहबोलीला अडीच. त्यातले दोन सिक्युरिटीवाला नि मावशींचे. एकूण, सरासरी न काढता माझ्या मनाने, साडेतीन.

फीडबॅक फॉर्म भरला तर तिथंही ओळीने हसरे-रडके चेहरे. मी मधल्यावर खूण केली, म्हणून मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, सुधारणा सुचवा ना." मी म्हटलं, प्रत्येक पलंगाजवळ डॉक्टरांसाठी एक स्टूल ठेवा. ते म्हणाले, "स्टूल होतं मॅडम, पण त्याच्यावर अटेंडंट बसतात, म्हणून काढलं." मी म्हटलं, मग दोन ठेवा. "मॅनेजमेंटला विचारतो," म्हणाले. स्टुलं आली की हा रिव्ह्यू बदलीन, अर्धा गुण वाढवून.